घर विकायला काढलंय, पण किती दिवस वाट बघायची?

सांगलीच्या गावभागातलं आमचं वडिलांचं घर आम्ही तिघा भावंडांनी २०२२ च्या दिवाळीनंतर विकायला काढलं. थोरल्या भावाने साठ लाख सांगायचे ठरवले, कारण पलीकडच्या गल्लीतलं घर तेवढ्याच्या आसपास गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. डिसेंबरात एक गिऱ्हाईक आलं आणि बावन्न म्हणालं. आम्ही चहा दिला आणि नको म्हणालो. बरोबर दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, ते घर चोपन्न लाखांना गेलं. ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटलं, थांबलो म्हणून दोन लाख जास्त मिळाले.

माझ्या हिशेबाच्या वहीत मात्र वेगळंच दिसत होतं. बावन्न लाख तेव्हा बँकेत ठेवले असते, तर सात टक्क्यांनी दोन वर्षांत साधारण सव्वासात लाख व्याज झालं असतं. शिवाय दोन वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी, लाइटबिल, गच्चीची गळती काढायला आलेला खर्च आणि अंगण झाडणाऱ्या मावशींचा पगार मिळून नव्वद हजार गेले. म्हणजे आठ लाखांच्या वर गमावून आम्ही दोन लाख मिळवले. सहा लाख पाण्यात गेले, आणि पैसे असे जातायत हे समजायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

म्हणून हा लेख. घर, प्लॉट किंवा शेत विकायला काढल्यावर किती दिवस बाजारात ठेवायचं, हे बहुतेक घरांत कुणी ठरवतच नाही. किंमत ठरते, एजंट ठरतो, पण मुदत ठरत नाही. माझं म्हणणं असं की मुदत किंमतीबरोबरच, त्याच दिवशी ठरवावी, आणि तीही मनाने नाही, हिशेबाने.

थांबण्याची किंमत कशी काढायची

आधी खरी किंमत धरा. मागितलेली नाही, आज कुणी खरोखर देईल ती. आमच्या घराची ती बावन्न होती. त्यावर बँकेच्या ठेवीचा दर लावा. सात टक्क्यांनी वर्षाचे ३ लाख ६४ हजार. त्यात घर रिकामं ठेवण्याचा वर्षाचा खर्च मिळवा, आमचा ४५ हजार. झाले ४ लाख ९ हजार, म्हणजे महिन्याला ३४ हजार. रिकामं घर आमच्याकडून दर महिन्याला एवढं भाडं घेत होतं, फक्त पावती देत नव्हतं.

आता दुसरा आकडा. थांबून किती जास्त मिळेल असं वाटतं? समजा बावन्नचे छप्पन्न, म्हणजे चार लाख. चार लाखांना ३४ हजारांनी भागलं की येतात जवळजवळ १२ महिने. याचा अर्थ, एक वर्ष थांबून छप्पन्न मिळाले तरी हाती काही उरत नाही, बरोबरी होते. आणि छप्पन्न मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही. ती शक्यता निम्मी धरली, तर सहा महिने ही आमची मुदत व्हायला हवी होती. आम्ही चोवीस महिने थांबलो.

यावर हमखास एक मुद्दा येतो. भाऊही हेच म्हणायचा, ‘जागेचा भाव वाढतोच की.’ वाढतो, ते खरं आहे, आणि हिशेबात तो धरायलाच हवा. तुमच्या भागात जागा वर्षाला चार टक्क्यांनी वाढतेय असं धरलं, तर बावन्न लाखांवर दोन लाख आठ हजार वाढले आणि वर्षाचं नुकसान दोन लाखांवर आलं. मुदत दुप्पट झाली. पण दोन गोष्टी विसरू नका. वाढते ती जमीन, भिंती नाहीत. रिकाम्या घरात एक पावसाळा गेला की वाळवी, ओल आणि गिलावा यांचा हिशेब वेगळा. आणि ‘चार टक्के’ हा आकडा कुठून आला, हे स्वतःला विचारा. पारावर ऐकलेला असेल तर तो हिशेबात धरू नका.

खरे आकडे बघायची सोय आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथं गाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त आणि त्यांची सूची २, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, दिसतो. शेजारच्या चार मिळकतींचे नंबर टाकून बघा. काही व्यवहारांत कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, तरी अंदाज येतो. भावाच्या कानावर आलेलं ते पलीकडच्या गल्लीतलं घर मी असंच शोधलं. भाव ऐकला होता तेवढा नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्या गल्लीत २०१९ च्या पुराचं पाणी चढलं नव्हतं.

घरात भाडेकरू असेल किंवा तुम्ही स्वतः राहत असाल तर थांबण्याचा खर्च पुष्कळ कमी होतो. विश्रामबागेत कॉलेजची मुलं, मिरजेत दवाखान्यांतला स्टाफ, त्यामुळे तिथली घरं अकरा महिन्यांच्या करारावर सहज लागतात. मात्र भाडेकरू असलेलं घर बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘रिकामं कधी करून देणार?’ करार संपायची तारीख आणि तुमची मुदत जुळवून घ्या.

मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची

बोर्ड लावला त्या दिवसापासून नाही. कागद पूर्ण झाले त्या दिवसापासून.

आमच्या मिळकत पत्रिकेवर वडिलांचंच नाव होतं. वारस नोंद झालेली नव्हती. बहीण बाहेरच्या राज्यात, तिचं कुलमुखत्यारपत्र करायचं राहिलेलं. पहिल्या वर्षात कर्ज काढून घेणारी दोन चांगली माणसं आली. बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा तपास, मागितला, मग वारसांचा कागद मागितला आणि आमच्याकडे नुसतं ‘होईल’ होतं. नोकरदार माणूस कर्जाशिवाय घेत नाही, आणि अर्धवट कागदावर बँक कर्ज देत नाही. म्हणजे ते एक वर्ष आमचं घर बाजारात होतं असं म्हणणंच चुकीचं आहे. ते फक्त लोकांच्या नजरेत जुनं होत होतं.

आणि जुनं होणं वाईट. सांगली काही मुंबई नाही. इथं घेणारे मोजके, एजंट मोजके आणि सगळे एकमेकांना ओळखतात. आम्ही उत्साहाच्या भरात पाच एजंटांना सांगितलं. त्यातल्या एकाने आमच्याशी न बोलता अठ्ठावन्न सांगायला सुरुवात केली, दुसऱ्याने पंचावन्न. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच फोटो तीन भावांत फिरला. सहा महिन्यांनी माणसं घर बघायला यायच्या आधीच विचारू लागली, ‘अजून गेलं नाही का? काही भानगड आहे का?’ त्या प्रश्नाला उत्तर देणं फार अवघड असतं. एकालाच सांगा, फार तर दोघांना, आणि भाव कागदावर लिहून द्या.

घर काय सांगतंय ते ऐका

मुदत संपायची वाट बघत नुसतं बसायचं नसतं. एक वही ठेवा. फोन किती आले, बघायला किती आले, त्यातले परत किती आले आणि पैशाचा आकडा किती जणांनी उच्चारला. आपल्याकडे पहिल्यांदा बघायला येतो तो बघ्याही असतो. दुसऱ्यांदा आईला नाहीतर बायकोला घेऊन येतो, नळ सोडून बघतो, स्वयंपाकघराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतो, तो खरा गिऱ्हाईक.

फोनच येत नसतील तर भाव चुकलाय, किंवा योग्य माणसांपर्यंत निरोपच गेलेला नाही. अशा वेळी सहा महिने कशाला, सहा आठवड्यांतच बदल करायला हवा. माणसं बघायला येतात पण परत येत नाहीत, तर घरात काहीतरी खटकतंय. आणि माणसं परत येतात, आकडा बोलतात, पण तो आकडा तुमच्याहून दहा-पंधरा टक्के खाली, आणि असे तीन जण लागोपाठ, तर तो बाजारभाव आहे. त्याचा राग मानू नका. आम्हाला बावन्न, एक्कावन्न आणि साडेबावन्न असे तीन आकडे पहिल्या आठ महिन्यांत आले होते. बाजाराने आम्हाला तीनदा सांगितलं, आम्ही ऐकलं नाही.

आमच्या घरात काय खटकत होतं, ते मला फार उशिरा कळलं. कृष्णेला २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो पूर आला, त्यात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. आमच्या तळमजल्यात देवघराच्या कोनाड्यापर्यंत पाणी होतं. २०२१ ला पुन्हा आलं. विकायच्या आधी आम्ही सगळं रंगवून घेतलं, भिंतीवरचा पिवळट पट्टा गेला. पण पुरानंतर वडिलांनी लाइटचे बोर्ड सगळे काढून पाच फुटांवर बसवले होते, मीटरही वर घेतला होता. घर बघायला आलेल्या एका बाईंनी बटण दाबायला हात नेला, हात नेहमीच्या उंचीवर गेला आणि तिथं काहीच नव्हतं. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. परतही आल्या नाहीत.

पुराचा पट्टा रंगवून जात नाही. सांगलीत घर घेणारा प्रत्येक माणूस ‘२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं’ हे विचारतोच, तुम्हाला नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, आणि बांधकामाची परवानगी त्यावर अडते. आपली मिळकत कुठल्या रेषेत आहे हे आधी आपणच काढून ठेवावं आणि भाव तो धरूनच सांगावा.

हंगाम

कुणी म्हणेल सहा महिने म्हणजे सहा महिने. तसं नाही. सांगलीत जूनच्या मध्यापासून पितृपक्ष संपेपर्यंत घराचा बाजार थंडच असतो. पावसात लोकांचं लक्ष नदीकडे असतं आणि पितृपक्षात इसार कुणी देत नाही. दसऱ्यापासून हालचाल सुरू होते. मग उसाची बिलं, त्यानंतर तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचे आणि बेदाण्याचे पैसे, असा हातात पैसा खेळतो तो अक्षय्य तृतीयेपर्यंत. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातले लोक देशभर पसरलेले आहेत. ते दिवाळीत, यात्रेला आणि मेच्या सुट्टीत गावी येतात, तेव्हा जागा बघतात. साताऱ्यातल्या पाटण, जावळी भागातले मुंबईकरही तसेच, गावच्या जत्रेला येतात तेव्हा बोलणी होतात. म्हणून दसऱ्याला काढलेलं घर अक्षय्य तृतीयेपर्यंत ठेवावं, ही एक पूर्ण संधी झाली. जूनमध्ये काढलेल्या घराचे पहिले चार महिने मोजू नयेत.

साताऱ्यात कास-यवतेश्वरकडे मात्र उलटं आहे. तिथली जागा पुण्या-मुंबईचा माणूस घेतो, आणि तो येतो पावसात नाहीतर सप्टेंबरात फुलं बघायला. हिरवा डोंगर दिसतो तेव्हाच ती जागा विकली जाते. तिथं मोजके गिऱ्हाईक आणि परवानग्यांचे प्रश्न जास्त, त्यामुळे अशा जागेला दोन-तीन हंगाम लागले तर घाबरू नये. पाचगणी-महाबळेश्वर तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं घेणारा वकील बरोबर घेऊनच येतो.

शेतजमिनीचं घड्याळच वेगळं. ती शेतकरीच घेऊ शकतो, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच कमी. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन, असेल तर विकायला परवानगी लागते, ती हातात आल्याशिवाय दिवस मोजू नका. पण शेतीत थांबण्याला कधीकधी खरं कारण असतं. म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी जत, कवठेमहांकाळ, आटपाडीत जिथं जिथं पोहोचलं तिथं जमिनीचा भाव बदलला. कालव्याचं काम तुमच्या गावाच्या शिवेपर्यंत आलेलं डोळ्यांना दिसत असेल तर थांबा. ‘पुढं-मागं पाणी येईल’ यावर मात्र थांबू नका. कारणाला तारीख असायला हवी.

सरकारी तारखा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथंच काही लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात.

घर किंवा प्लॉट घेऊन २४ महिने व्हायच्या आत विकला तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात धरून कर लागतो. २४ महिन्यांनंतर तो दीर्घ मुदतीचा नफा होतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक न लावता, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. त्या तारखेच्या आधी घेतलेली मिळकत असेल तर इथं राहणाऱ्या व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो, जो कमी पडेल तो घ्यायचा. वारसाने आलेल्या घराला वडिलांनी घेतलेली तारीख धरतात, आणि ते १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचं मूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं. म्हणजे वीस महिन्यांपूर्वी घेतलेला प्लॉट असेल तर चार महिने थांबण्याला अर्थ आहे. चाळीस वर्षांचं वडिलोपार्जित घर असेल तर करासाठी थांबण्यात काहीच नाही.

सगळ्यात महत्त्वाची तारीख पुण्यात आधी फ्लॅट घेऊन मग गावचं घर विकणाऱ्यांसाठी आहे, आणि असे लोक आपल्याकडे पुष्कळ. नव्या घराच्या बदल्यात जुन्या घराच्या नफ्यावर कर माफ व्हायचा असेल, तर नवं घर जुनं विकण्याच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत घेतलेलं असावं लागतं. बांधायचं असेल तर ३ वर्षांत. फ्लॅट घेऊन तेरा महिने झाले आणि गावचं घर अजून एजंटाकडेच आहे, तर ती सवलत त्या फ्लॅटवर मिळत नाही. तुमच्या बाबतीत ही तारीखच मुदत आहे, माझ्या भागाकाराचीही गरज नाही.

दुसरी तारीख ३१ मार्च. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या किमतींचे, नवे दर १ एप्रिलला लागू होतात. खरेदीची किंमत सरकारी मूल्यापेक्षा कमी असेल आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला, तर विकणाऱ्याला सरकारी मूल्य धरून कर भरावा लागतो, हातात तेवढे पैसे आले नसले तरी. पूर आलेल्या गल्ल्यांत खरा भाव खाली आलेला असतो आणि सरकारी दर तसाच राहिलेला असतो, त्यामुळे हा फटका तिथंच बसू शकतो. बोलणी मार्चमध्ये पक्की झाली असतील तर खरेदीखत एप्रिलवर ढकलण्यापूर्वी हे बघून घ्या. करसल्लागाराला एकदा कागद दाखवावेत, त्याची फी या नुकसानापुढे किरकोळ आहे.

मुदत संपली तर

तर काहीतरी बदलायचं. भाव, कागद, एजंट, नाहीतर कुणाला विकतोय ते. काहीच न बदलता पुढचे सहा महिने ठेवणं हा निर्णय नसतो, ते टाळणं असतं. बदलण्यासारखं काहीच नसेल आणि आलेला भाव घरातल्या कुणालाच मान्य नसेल, तर बोर्ड काढा, घर भाड्याने द्या, आणि पुढच्या दसऱ्याला नव्याने बघा. बाजारातून घर काढण्यात कमीपणा काही नाही.

भावंडांचं घर असेल तर एक आणखी. सगळ्यांनी बसून खालचा आकडा लिहून सह्या कराव्यात, विकायला काढण्याच्या आधी. आमच्याकडे थोरला साठावर, मी पंचावन्नवर आणि बहीण ‘तुम्ही ठरवा’वर होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आम्ही एकमेकांना आतल्या खोलीत बोलावत होतो. समोरच्याला ते कळतं.

आम्ही शेवटी २०२४ च्या उन्हाळ्यात बसलो. हिशेबाची वही भावासमोर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ मला आधी माहीतच नव्हतं. वारस नोंद पूर्ण केली, एकच एजंट ठेवला, भाव छप्पन्न सांगितला आणि खाली दुकान-गोदाम, वर राहायला, असं सांगायचं ठरवलं. नोकरदार कुटुंबाला तळमजल्याची भीती वाटत होती, व्यापाऱ्याला तशी रस्त्यालगतची जागाच हवी होती. दसऱ्यानंतर लगेच तिघे आले. त्यातला एक आमच्याच पेठेतला. त्याला मी दारातच सांगितलं, २०१९ ला पाणी इथवर होतं, आणि कोनाड्यावर हात ठेवून दाखवलं.

तो म्हणाला, ‘ताई, आमच्याकडं याच्याहून वर होतं.’ चोपन्नावर ठरलं. साठेखत झालं, कर्जासाठी त्याने सहा आठवडे मागितले, तारीख लिहून घेतली, आणि त्या तारखेच्या चार दिवस आधीच खरेदीखत झालं. किल्ली द्यायला गेले तेव्हा त्याचा रंगारी आला होता आणि लाइटचे बोर्ड खाली घ्यायचे का म्हणून विचारत होता. ‘राहू दे की तिथंच,’ तो म्हणाला.